कमी युनिटचं घर

तेहतीस वर्षं लोकांचे मीटर वाचलेला माणूस निवृत्त झाला की स्वतःच्या घराचा मीटर वाचत बसतो, हे काकूंना कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या काय दिवे लावणार होत्या म्हणा. शेजारीपाजारी नवऱ्याला मीटरकाका म्हणत, त्यामुळे त्या आपोआप मीटरकाकू झाल्या होत्या.

सुरुवातीला काकांचे उपाय साधे होते. टीव्ही रिमोटवर नाही, भिंतीवरच्या बटणावर बंद करायचा. फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवून घ्यायचं. खोलीतून बाहेर पडताना मागचा दिवा घालवायचा. यात वावगं काही नव्हतं आणि इथवर काकूंची तक्रारही नव्हती. पण वीज कार्यालयाने स्पर्धा जाहीर केली, वर्षभरात सगळ्यात कमी युनिट जाळणाऱ्या घराची, आणि काकांच्या अंगात आलं. इस्त्री माळ्यावर गेली. तिच्या सोबतीला मिक्सर गेला. अंघोळीचं पाणी गच्चीवर उन्हात तापू लागलं, आणि बादल्या काही आपल्या पायांनी जिना चढत नाहीत, म्हणून त्या काकूंनी वाहिल्या. शेवटी पाळी आली वॉशिंग मशीनची. काकूंच्या भावाने हौसेने घेऊन दिलेलं ते मशीन. काकांनी त्याचा प्लग काढला आणि वर जुनी चादर टाकली.

"वर्षभराचाच तर प्रश्न आहे," काका म्हणाले. "दोन माणसांचे कपडे ते किती? आपला नंबर आला की दुसऱ्या दिवशी मशीन सुरू. शब्द देतो."

आठव्या महिन्यात काकूंचं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि बजावलं की कपडे पिळणं बंद. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "चारच महिने राहिलेत गं. आता सोडलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी." मेहनत कुणाची, ते काही त्यांनी सांगितलं नाही. चोरून मशीन लावायचीही सोय नव्हती. काका सकाळ-संध्याकाळ जिन्यात जाऊन मीटर बघत, आणि काटा जरा पुढे दिसला की घरात चौकशी बसे. काकूंनी चार महिने दातओठ खाऊन काढले.

वर्ष संपल्यावर वीज कार्यालयातून एक इंजिनीयरबाई आल्या. शेवटी उरलेल्या तीन घरांमधून एक निवडायचं होतं, आणि त्या घराचे उपाय पुस्तिकेत छापायचे होते. काकांची कळी खुलली. "आम्ही पाणी गच्चीवर तापवतो. आम्ही कपडे हातानेच धुतो." जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस, पण त्याच्या तोंडचा 'आम्ही' काही सुटत नव्हता.

बाई हुशार होत्या. त्या काकूंकडे वळल्या. "खरं सांगा, पिळायचा त्रास नाही होत?"

मनगटाचा पट्टा काकूंनी सकाळीच काढून ठेवला होता, काकांनी सांगायच्या आधी. खरं बोललं तर नंबर जाणार, आणि नंबर गेला की मशीनही गेलं, एवढाच हिशोब त्यांच्या डोक्यात होता.

"छे हो," त्या हसून म्हणाल्या. "सवय झाली आता. उलट हात मोकळे होतात."

बाईंनी ते लिहून घेतलं.

नंबर आला. दुसऱ्या दिवशी काकूंनी मशीनवरची चादर काढली, तर काका धावत आले.

"अगं, काय करतेस? आता आपलं आदर्श घर आहे. लोक बघायला येतील. मशीन चालू दिसलं तर माझी काय किंमत राहील?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. पण पुस्तिका निघेल हे तेव्हा कुणाला माहीत होतं?"

काकूंना त्या माणसाची भयंकर चीड आली. मग त्यांनी डाव्या हाताने प्लग लावला आणि बटण दाबलं. "जा, जिन्यात उभे राहा. बघत बसा किती फिरतो ते." काकांनी तीन दिवस अबोला धरला. काकूंना ते तीन दिवस बरे गेले.

पुस्तिका घरोघरी गेली. पुढच्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची सून वर आली. तिच्या घरात तान्हं बाळ आणि अंथरुणाला खिळलेले सासरे.

"काकू, जरा युक्ती सांगा ना. ह्यांनी आमचं मशीन विकून टाकलं. दुपटी, चादरी, सगळं हाताने. मी म्हटलं, मनगटं राहत नाहीत हो. तर पुस्तिका पुढे केली. म्हणाले, काकूंचं वय बघ आणि तुझं बघ."

आत काकूंचं मशीन घरघरत होतं. सुनेने तिकडे मान वळवली, पण विचारलं काही नाही. ते न विचारणंच काकूंना फार लागलं. त्यांनी सुजलेला हात पुढे केला.

"मी खोटं बोलले गं. चल, तुझ्या नवऱ्याला सांगते."

खाली नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. काकूंनी सगळं सांगितलं. मनगट, पट्टा, नंबर, काही हातचं राखलं नाही. तो अदबीने ऐकत होता.

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, काकू," तो म्हणाला. "हिने डोळ्यात पाणी आणलं असणार. म्हणून तुम्ही तिची बाजू घेताय."

"अरे, ते पुस्तिकेतलं मीच बोलले होते. मीच सांगतेय की ते खोटं आहे."

"तुमच्या नावानिशी छापून आलंय, काकू," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "उगाच कशाला कमीपणा घेता?"

सुनेने दोघांकडे पाहिलं. मग तिने भिजवलेल्या चादरींचं घमेलं ओढलं आणि पिळायला बसली.