बावन्नावा दिवस

बयनाबाईची सून राहीबाई बाळंत झाली, त्याला त्या रविवारी बावन्न दिवस झाले होते. आणि अजून अठ्ठावीस दिवस तिनं गोठ्याशेजारच्या पडवीतच राहायचं होतं.

हे दिवस ठरवले बयनाबाईच्या थोरल्या दिरांनी, नागोरावांनी. बाजारहत्नूरकडच्या त्या खेड्यात ख्रिस्ती मंडळीची सातच घरं. नागोराव मंडळीचे वडील, आणि वाचता येणारे एकटेच. गावात बाळंतिणीचा विटाळ सव्वा महिना पाळत. नागोरावांना जुन्या नियमशास्त्रात सापडलं की मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी. त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा बयनाबाईला बरंच वाटलं. चौदा वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर प्रभूकडे आली होती. नवरा पुढं वारला, पण विटाळाची भीती काही मनातून गेली नव्हती. तिला आता शास्त्राचा आधार मिळाला. बाई मोठी नेमाची. पहाटे आंघोळ, गुडघे टेकून प्रार्थना, शुक्रवारी उपास आणि रविवारी उपासना होईपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सुनेचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. भाकरी ती वरूनच ताटात सोडायची, बोट लागू नये म्हणून.

शनिवारी संध्याकाळी किनवटहून मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आले ते निरोप घ्यायलाच.

"राज्यांच्या नव्या वाटणीत गुरुवारपासून किनवट मुंबई राज्यात आणि तुम्ही आंध्रात," ते अंगणात बसून म्हणाले. "माझं येणं आता संपलं. तुमच्यासाठी नवे पाळक नेमतील."

"कवा?" नागोरावांनी विचारलं.

"ते मलाही कोणी सांगितलं नाही."

पडवीत राहीबाईनं हे ऐकलं. हिंदू घरातून ती लग्न होऊन आली, त्याला दोन वर्षं झाली होती. बाप्तिस्मा घ्यायचं तिनं केव्हाच ठरवलं होतं. पण तो पाळकांनीच द्यायचा, आणि ते आले की तिला ताप यायचा, नाहीतर ते येणार तेव्हा नाल्याला पूर. उद्याची संधी गेली तर पुन्हा केव्हा, कुणास ठाऊक.

सकाळी सासू भाकरी घेऊन आली, तशी तिनं विचारलं, "आत्याबाई, आज मले घेत्यात का?"

"ऐंशी दिवस, बाई. मंग पाहू."

"मंग पाळक कोठून आनता? माहेरी असती त सव्वा महिन्यात सुटली असती मी. तुमच्या देवापाशी दुप्पट! म्या सोडलं काय आन् धरलं काय?"

"तोंड लई चालून राह्यलं तुझं."

"पाय त तुमी बांधले, आत्याबाई. तोंडच उरलं."

बयनाबाई घरात गेली आणि गुडघे टेकून बसली. वाचता येत नव्हतं, म्हणून नवऱ्यानं शिकवलेल्या प्रभूच्या गोष्टी ती रोज एक, अशा तोंडपाठ म्हणायची. त्या दिवशी आली ती बारा वर्षं रक्त जाणाऱ्या बाईची. ती बाई गर्दीत घुसली, मागून आली, तिनं प्रभूच्या वस्त्राला हात लावला…

इथवर आली आणि बयनाबाई थांबली. शास्त्राप्रमाणं त्या बाईच्या शिवण्यानं प्रभूलाच विटाळ व्हायचा. तो मागं सरला का? मागं सरला नाही. तिला 'मुली' म्हणाला, भर गर्दीत. आणि ही गोष्ट सुनेला सांगितली कोणी? मीच! दहादा सांगितली, आणि भाकरी मात्र वरून टाकली.

चौदा वर्षांत पहिल्यांदा ती प्रार्थना अर्धी टाकून उठली. पडवीत गेली, सुनेच्या गोधडीवर बसली, नातीला मांडीवर घेतलं आणि राहीबाईच्या ताटातली भाकरी मोडून तोंडात घातली.

"आत्याबाई, रविवार हाय!" राहीबाई घाबरली. "तुमचा नेम!"

"जेव मुकाट्यानं. मंग न्हाऊन घे. प्रार्थनाघरात जायचं हाय."

प्रार्थनाघराच्या दारात नागोराव उभे होते. आजवर बयनाबाई त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. आताही तिनं पदर पुढं ओढला, पण सुनेचा हात सोडला नाही.

"बयना, हिले काऊन आनलं? अठ्ठावीस दिवस बाकी हायत."

"दादा, म्या हिच्या ताटात जेवली. आता मलेबी भायेर ठेवा."

"शास्त्रात लिवलेलं मी खोडू का?"

"खोडू नका. पुढचं सांगा. ऐंशी दिवस झाल्यावर काय आनायचं, हे बी तुमीच वाचलं व्हतं."

"कोकरू आन् पारव्याचं पिल्लू."

"मंग कोकरू पाहून ठेवलं का तुमी?"

"आपल्याले कशाले कोकरू?" नागोराव चिडले. "आपलं कोकरू त प्रभूच! एकदाच दिलं, सगळ्यायसाठी दिलं. आता कोनी…"

ते तसेच थांबले. आत बसलेली मंडळी त्यांच्याकडे बघत होती. पाळकसाहेब हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

"तेच म्हनते मी, दादा," बयनाबाई हळूच म्हणाली. "कोकरू दिलं गेलं, आन् दिवस तेवढे हिच्या डोक्यावर राह्यले."

नागोरावांनी डोक्याचं पागोटं काढलं, पुन्हा घातलं. मग हात पुढं केले.

"आन ती पोर इकडं. बावन्न दिवसांची झाली, आन् मी तिचं तोंड नाई पाह्यलं." पोर घेऊन ते दारातून बाजूला झाले. "ये, राही. समोर ये. मागं नको बसू."

राहीबाई सगळ्यांच्या मधून चालत पुढं गेली. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. ते मानेवरून पाठीत उतरलं, तशी ती देवासमोरच मोठ्यानं हसली, आणि तिला कोणी गप्प केलं नाही. मग लेकीलाही बाप्तिस्म्याचं पाणी लागलं. ती नागोरावांच्या हातात टाहो फोडून रडली. ती रडत असतानाच नागोरावांनी गीत धरलं, इतक्या वरच्या पट्टीत की कोणाचाच आवाज तिथवर पोचेना. तरी सातही घरांनी ते तसंच, घसे ताणून, शेवटपर्यंत म्हटलं. आणि सगळ्यांत मोठा आवाज बयनाबाईचा होता.