माथ्यावरचं घमेलं

घणसोली गावातल्या नव्या मासळी बाजाराच्या छपरातून कंत्राटदार कुंदनशेठला काय मिळणार, याचा हिशेब गावाने आधीच मांडून ठेवला होता. काम त्याने ना नफा तत्त्वावर घेतलेलं, म्हणून नफा दुसरीकडे शोधावा लागला. जत्रेत पालखीला पहिला खांदा, भाषणात पहिलं नाव, आणि 'बिनखांबाचं छप्पर टाकलं कुणी?' या प्रश्नाचं कायमचं उत्तर. छपराचं गणित पुतणीचं, रुतिकाचं. पण तेही 'आमच्या घरातलंच' म्हणून तो आपल्याच खात्यात धरत होता.

रुतिका स्ट्रक्चरल इंजिनीअर. तिने छप्पर शिंपल्याच्या पाठीसारखं वळवलं होतं, कडेच्या चारच पायांवर, मध्ये एकही खांब नाही. कमीत कमी काँक्रीटमध्ये जास्तीत जास्त ताकद कुठल्या आकाराला येते, हे शोधायला तिने कॉम्प्युटरला हजारो आकार पारखायला लावले. तो दरवेळी माथ्यावरून थोडं काढायचा, पायांकडे थोडं टाकायचा. शेवटी माथा उरला तळहाताच्या रुंदीहून कमी जाडीचा.

"याच्यापरीस जाड भाकरी थापतो आमी," पुतळाबाई म्हणाली. मासळी विकणाऱ्या बायकांत तिचा शब्द शेवटचा.

"आजी, कालवं फोडायला कोयती लागते ना? त्यांचा शिंपला कितीसा जाड असतो?"

पुतळाबाईने मान डोलावली. पटलं असं मात्र नाही.

गावात स्लॅब पडतो तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एक घमेलं आपल्या हाताने टाकायचं. हात लागला नाही तर घर आपलं होत नाही. हे घर साऱ्या बाजाराचं. तेव्हा बायका ठेवणीतली लुगडी नेसून रांगेने शिडी चढल्या, पुढे फेटा बांधलेला कुंदनशेठ. घमेलं रितं करायचं तर मानाच्या जागी. म्हणजे सगळ्यात उंच. त्या वेळी रुतिका खाली पायांपाशी होती.

ती वर आली आणि थबकली. जाडी कळावी म्हणून उभे केलेले खिळे माथ्यावर काँक्रीटखाली पार बुडाले होते.

"काका, हे काढावं लागेल. ओलं आहे तोवर."

"लागलेला हात परत काढतात काय? आनि वर जाड म्हंजे मजबूत. उभा जन्म स्लॅब टाकन्यात गेला माजा."

"सपाट स्लॅब, काका. इथे माथ्यावर एवढं वजन राहिलं तर आकार दबेल. खालच्या फळ्या काढल्या की तडा जाईल. माझं नाव जाईल ते जाऊ दे, खाली या बसणार आहेत."

"आमचं घमेलं नको," पुतळाबाई म्हणाली, "तं आमी तरी यात कशाला बसू?"

रुतिकाने खाली पाहिलं. पाय बाहेर सरकू नयेत म्हणून प्रत्येकामागे एक जड ठोकळा ओतायचा होता. ते खड्डे अजून रिकामेच होते.

"आजी, गावदेवीच्या देवळात हात कुठे लावता?"

"पायाला. आनखी कुठं?"

"मग छपराच्या डोक्यावर का चढलात? त्याच्या पायांनाच वजन हवंय. तुमचंच घालू."

पुतळाबाईने रुतिकाकडे बघितलं, मग फेट्याकडे. "कुंदन, पयलं घमेलं तुजं. तूच उचल आदी."

साऱ्या बाजारासमोर कुंदनशेठने फेटा उतरवला, कठड्यावर ठेवला, फावड्याने घमेलं भरलं आणि शिडी उतरला. मागोमाग सगळी रांग. उन्हं कलायच्या आत खिळ्यांची डोकी पुन्हा वर आली.

फळ्या निघाल्या त्या दिवशी सगळा गाव माना वर करून उभा. छप्पर रुतिकाच्या गणितापेक्षाही कमी दबलं, तडा एकही नाही. ती नुसता चष्मा पुसत राहिली. बोलायचं काम पुतळाबाईने घेतलं, ते अजून चालू आहे. गिऱ्हाईक पापलेटाला हात लावायच्या आधी तिचं सुरू होतं, "खांब शोधतोस? नाय हाय. आमच्या पोरीनं काढून टाकले."

आता हिशेब. पालखीला खांदा कुंदनशेठला मिळाला, पण दुसरा. पहिला पुतळाबाईने रुतिकाला देववला. भाषणातही नाव तिचंच आधी. त्याचं घमेलं आहे पूर्वेच्या पायामागे, जिथे बायका मासळीचं पाणी ओततात. पाहुणा आला की तो नाकाला रुमाल लावून तिथेच नेतो आणि सांगतो, छप्पर याच्या जोरावर उभं हाय. गाव ऐकून घेतो. उंची सगळ्यांनीच सोडली, पण फेटा त्याने एकट्यानेच उतरवला होता.