आर्मांला मारायचं कसं

बी अजून ओलसर होती. उल्हासनं मागच्या शुक्रवारी तालमीला आणलेल्या बुरैद्याच्या खजुरातली... आणि विभा ती बशीत नुसती इकडून तिकडे फिरवत होती, फोन ठेवून बराच वेळ झाला तरी. नाटकात आर्मांचं काम करणारा उल्हास चालला. जुबैलच्या कंपनीनं करार संपवला, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागली, पुढच्या आठवड्यात विमान. आणि जाता जाता काय म्हणाला, तर, "वहिनी, आर्मांला दुसऱ्या अंकात मारून टाका. खलास. तुम्हाला काय ते नवीन आहे?"

नवीन नव्हतंच म्हणा. सौदीतल्या दम्मामच्या मराठी मंडळासाठी नाटकं लिहायची म्हणजे हेच – कुणाची बदली झाली की त्याचं पात्र अमेरिकेला धाडायचं, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडला की भिंतीवर फोटो लावून हार घालायचा. कीर्ती बाळंतपणाला गावी गेली तेव्हा तर नायिकेला आख्खा अंक आतल्या खोलीत बसवून नुसत्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावर निभावलं होतं, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या. पण आर्मां? एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचा हा नाटककार विभानं मनानंच रचला होता, दोन वर्षं जीव ओतून. उमेदीची सगळी वर्षं रंगभूमीवर घालवतो आणि पन्नाशीत, भर यशात, नाटक टाकून कादंबऱ्या लिहायला बसतो. का? तिसरा अंक तिथंच अडला होता. तुझा फ्रेंच माणूस अजून खुर्चीतच का, असं म्हणून रूपेश रोज नवऱ्याच्या हक्कानं चिडवायचा. आता याला दुसऱ्या अंकातच मारलं, तर तो कादंबरीकार होणार कधी?

रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट ती ताठ बसली, कारण... थांब, थांब जरा... आर्मांचेही उल्हास गेले असतील की. कुणी जास्त पैसे देणाऱ्या थिएटरात, कुणी लग्न करून, कुणी क्षयानं – आणि हा बापडा दर वेळी वाक्यं छाटत, धडधाकट पात्रांना मूठमाती देत बसला असेल, आणि एका सकाळी त्याला या सगळ्याचा वीट आला असेल. कादंबरीत कुणाचा इकामा संपत नाही! तिथं माणूस हवा तेवढा जगतो. इतकी वर्षं मी माणसं पुरत आले, आणि हे माझ्या डोक्यात कसं शिरलं नाही?

तिनं लॅपटॉप ओढला. 'पडदा वर जातो' एवढं पुसलं आणि लिहिलं, 'आर्मांनं खिडकी उघडली.' मग बोटं थांबेनात. आर्मां बोलण्याआधी किंचित खाकरला – अगदी उल्हाससारखा – आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे उल्हास कुठंच जात नव्हता.

पण मग तालमी नाहीत, चहाचं मोठं पातेलं नाही, हॉलभर पसरलेल्या चपला नाहीत. कादंबरीला टाळ्या कोण देणार? शुक्रवारी दुपारी या घरात करायचं काय?

बेल वाजली. स्वयंपाकघरातून रूपेशचा आवाज आला. "विभा, तालमीची मंडळी आली. उल्हासचं काय सांगायचं त्यांना?"

"आले," ती म्हणाली, आणि खुर्चीतच राहिली. बेल पुन्हा वाजली. आर्मां खिडकीशी उभा होता, खालच्या रस्त्याकडं बघत, त्याला आता पुढं काय करायचं ते ठाऊक होतं. आणि इतक्या शुक्रवारांनंतर पहिल्यांदाच विभा दारात कोण आलं नि कोण आलं नाही, ते मोजायला उठली नाही.