मॉडेमच खराब आहे

ज्याच्या डोक्यावर तुम्ही येता-जाता टपल्या मारता, तो मॉडेम आज बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. गोड बोलायचे दिवस मी एका कपाटामागे घालवले.

कारखान्यात मला तापवलं, गार केलं, पुन्हा तापवलं. सलग दोन दिवस चालवून पाहिलं. माझ्याबरोबरचे दोघे तिथेच बाद झाले, मी टिकलो. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे माझ्याबद्दल जे जे बोललं गेलं, ते ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

मग मी एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आलो. घर वहिनींचं. त्यांचा नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात धाकटा दीर राहायचा. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. वहिनी खुणांच्या भाषेच्या दुभाषी. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं दवाखान्यात गेली, की डॉक्टर वहिनींना व्हिडिओवर बोलवायचे. पेशंट हातांनी बोलणार, वहिनी ते डॉक्टरांना तोंडाने सांगणार, डॉक्टरांचं म्हणणं हातांनी परत करणार. आवाज तुटला तर माणूस ‘हॅलो हॅलो’ तरी करतो. इथे चित्र थांबलं की शब्दच संपला.

जुना मॉडेम आठ वर्षांचा झाला होता, म्हणून कंपनीच्या माणसाने मला आणलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीतून वायर आत येते तिथेच बसवलं. पहिला तास मी असा धावलो की विचारू नका. पण तो तास बघायला वहिनी घरी नव्हत्या.

होते भावजी. वहिनी दिराला भावजी म्हणायच्या. या गृहस्थांना सगळंच येतं. मिक्सर उघडतात, इस्त्री उघडतात. बंद मात्र दुसऱ्यालाच करावं लागतं. मला पाहून म्हणाले, “हा डबा दर्शनी भागात कशाला?” उचललं आणि आतल्या खोलीत कपाटामागे नेलं. वायर पुरेना, तर ओढली. कपाटाच्या कोपऱ्यावरून करकचून वळवली आणि खांदा लावून कपाट भिंतीला सारलं.

त्या वायरीत तांबं नसतं, केसाएवढी काच असते. त्या काचेतून उजेड येतो आणि त्याच उजेडावर मी चालतो. काच अशी मुरगळली की उजेड वाटेतच सांडतो. माझा गळा कुणी चिमटीत धरल्यासारखं झालं. ओरडायला माझ्याकडे चार दिवे. ते मिणमिणले. कपाटामागे बघतो कोण?

संध्याकाळी वहिनी आल्या. व्हिडिओ लावला तर अडकत, गचके खात चालला. “भावजी, कालपर्यंत तर नीट होतं!”

“मॉडेमच खराब आहे,” भावजी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तिथून माझे हाल सुरू झाले. बंद कर, चालू कर. बंद कर, चालू कर. दिवसातून दहा वेळा. टाचणीने माझ्या पोटातलं बटण दाबून मला सगळं विसरायला लावलं. अँटेना पिरगाळल्या. पासवर्ड तीनदा बदलला आणि तिसऱ्यांदा स्वतःच विसरले. कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी विचारत होती, “सर, वायर कुठे दबली नाही ना?”

“मला शिकवू नका!” म्हणून यांनी फोन आपटला.

मग वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात गेले. “तुम्ही आमचं नेट वापरता.”

“माझ्याकडे अजून बटणांचा फोन आहे रे बाबा,” काकूंचा आवाज जिन्यातून खाली आला. “तुझं नेट मी काय फोडणीला घालू?” त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. तेही माझ्याच खाती.

आठव्या दिवशी व्हिडिओवर एक आजोबा आले. दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलेले, जन्मापासून ऐकू न येणारे. उद्या त्यांचं ऑपरेशन. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध बाधतं का? आजोबांचे हात उठले. औषधाचं नाव आलं आणि चित्र थांबलं. पुन्हा हललं तेव्हा हात मांडीवर होते. बाधतं की चालतं, हे मधल्या मधे गेलं. मला माहीत होतं की हात पुढे बोलले होते. ते माझ्यापर्यंत तुकड्यांत आले, आणि तुकडे मला जोडता आले नाहीत. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

“ते काय म्हणाले?” डॉक्टर.

वहिनींना अंदाज करता आला असता. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मला दिसलं नाही. कृपा करून परत विचारा.” परत विचारलं. परत थांबलं. तिसऱ्या वेळेला डॉक्टर वैतागले. “उद्याचं ऑपरेशन मी पुढे ढकलतो. आणि तुमचं हे असंच असेल, तर आम्ही दुसरी दुभाषी बघू.”

वहिनींनी कॉल बंद केला. मग उठून भावजींच्या समोर उभ्या राहिल्या. “त्या माणसाला चुकीचं औषध गेलं असतं. तुम्ही नक्की काय केलंय त्या मॉडेमला?”

“मी? मी आठ दिवस राबतोय त्याच्यामागे!”

“राबताय की खेळताय?”

“वहिनी, तोंड सांभाळून बोला. दादा इथे नाही म्हणून—”

“तुमचे दादा असते तर एव्हाना माणूस बोलावला असता.” आणि त्यांनी स्वतः फोन केला.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. पिकलेल्या मिशांचा, भांडखोर चेहऱ्याचा. मॉडेम बदलून हवा, असं भावजींनी आधीच कंपनीला लिहून दिलं होतं, म्हणून बगलेत नवा खोका घेऊनच आला. पण त्याने मला हात लावला नाही. माझ्यात शिरणारं टोक काढलं, हातातल्या यंत्रात खुपसलं, आकडा बघितला आणि कपाटाकडे वळला.

“हे ओढा पुढे.”

“त्याचा काय संबंध?” भावजी.

“ओढा म्हणतो ना!”

कपाट सरकलं. मुरगळलेली वायर बघून लाइनमन भडकला. “कुणी केलं हे? काच आहे ही, सुतळी नाही! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” चिरडलेला तुकडा कापून त्याने नवा सांधा दिला, वायर ऐसपैस वळवली आणि मला पुन्हा जोडलं. उजेड आला! पूर्ण, स्वच्छ उजेड. मी धावलो.

तेवढ्यात दवाखान्याचा व्हिडिओ कॉल आला. आजोबा पुन्हा समोर होते. यावेळी त्यांचं एक बोटही अडकलं नाही. “बाधतं,” वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या. “अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो. तरुणपणी एकदा मरता मरता वाचलेत.” आजोबांनी छातीवर हात ठेवून मान लववली. ते सगळं माझ्यातून गेलं. माझ्यातून.

कॉल संपल्यावर लाइनमनने विचारलं, “हा ठणठणीत आहे. तरी बदलायचा का?”

“बदला,” भावजी लगेच म्हणाले. “आठ दिवस छळलंय त्याने.”

लाइनमनने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी भावजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता, कान लाल झाले होते. मग वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण भावजींबरोबर त्यांना त्याच घरात राहायचं होतं, जेवायचं होतं. माझ्याशी उद्या कुणाला बोलायचं होतं?

“बदला,” वहिनी हळूच म्हणाल्या.

आता मी कंपनीच्या गोदामात, एका प्लास्टिकच्या पेटीत आहे. पाठीवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी आहे. पेटीत आम्ही सतरा जण. मी एकेकाला विचारलं, तुझं काय बिघडलं होतं? अकरा जण म्हणाले, काहीच नाही. उद्या आम्हाला फोडून आतलं काय काय काढून घेणार आहेत.

वहिनींवर माझा राग नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. आहे. भावजींवर तर आहेच. आणि तुम्ही, जे हे ऐकताय, तुमच्याही कपाटामागे एखादा असेल. त्याला टपली मारण्याआधी एकदा वाकून बघा. बघणार नाही, ठाऊक आहे मला. पण मी सांगितलं नव्हतं, असं म्हणू नका.