हातानं ओढलेली रेघ

ताटावर बसून अन्नाशी खेळणारा माणूस मला खपत नाही. बेंगळूरहून आल्यापासून तीन दिवस माझा श्रीपत तेच करतोय. भाकरीचा पापुद्रा काढतो, उजेडात धरतो, ठेवून देतो. खात नाही.

"कामून आलास ते तरी सांग," मी म्हणाले. "सुट्टी न्हाई, सण न्हाई."

"माय, आमच्या लॅबातली पट्टी ह्याच्या हजारपट पातळ ऱ्हाती." त्यानं पापुद्रा वर केला. "करंट दिला की आतून एका अंगाला वळती. उलटा दिला की दुसऱ्या. करंट काढला तरी तशीच ऱ्हाती. त्येच्यातच कंप्यूटरची आठवण साठवायची."

"मग?"

"करोड येळा वळवली की थकती. आत बारीक रिकाम्या जागा असत्यात, त्या करंट द्यायच्या धातूच्या कडंला गोळा होत्यात, अन् आतलं वळण अडकून बसतं. तुटत न्हाई माय. वळायचं सोडती."

"सोडू दे की. तुझं काय गेलं?"

मग त्यानं खाली बघत सांगितलं. तपासणीत दर वेळी पट्टी थकायची आणि कागदावरची रेघ खाली उतरायची. शेवटच्या खेपेला त्यानं ती हातानं सरळ ओढली. साहेबांनी तीच छापायला पाठवली. आता परगावचे शास्त्रज्ञ ती न थकणारी पट्टी बघायला मागतायत. अशी पट्टी नाहीच.

"मी परत जात न्हाई. त्यापरीस हिरीत उडी घेतलेली बरी."

मी पीठ मळायची काटवट बाजूला ठेवली.

पट्टी पुन्हा थकली, असं तो दर महिन्याला लिहायचा. माझ्या दोनच यत्ता, पत्र शेजारच्या गीताबाई वाचायच्या. मी दर वेळी उलट लिहायला लावायची, 'आपल्या आळीतला पहिला एम.एस्सी. तू. हरून तोंड दाखवू नको.' अशी सतरा पत्रं. वर औरादच्या बाजारात सांगत फिरले, माझ्या लेकाची पट्टी थकत नाही म्हणून.

ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"हीर-बीर काई न्हाई. रेघ तू वढलीस, पर हात माझा व्हता. उद्या सकाळच्या बिदर गाडीनं बेंगळूरला जायचं, सायबाला खरं सांगायचं. नोकरी गेली तर जाऊ दे. मी संगं येते, दाराभाईर बसते. आळीला म्या सांगते, माझा लेक हरला म्हणून. आता ती भाकर खा."