सांगून उठा

मित्रांनो, बसा. पण जरा माझ्या मधल्या भागाकडे सरकून बसा. आत तुमच्या घरच्या मोठ्या माणसांचं बोलणं चाललं आहे, त्याला वेळ लागेल. तोवर या बोळात तुमच्याशी गप्पा मारायला माझ्याशिवाय आहे तरी कोण? भिंतीवरचे विजेचे मीटर नुसते गुणगुणतात, आणि कोपऱ्यातली बादली गळकी असल्यामुळे सदा रुसलेली असते.

तुम्ही ज्याच्यावर बसला आहात तो मी एक म्हातारा लाकडी बाक. जाड फळी, चार पाय, पाठ नाही. मला एका सुताराने बनवलं, ते दवाखान्याच्या ओट्यासाठी. त्या ओट्याच्या दोन्ही टोकांना उतार होता, म्हणून सुताराने माझे पाय टोकांना न लावता चांगले आत घेतले. शिवाय लोखंडी पट्टी ठोकून मला भिंतीशी आवळून टाकलं. त्यामुळे माझ्या अंगात काय खोड आहे ते तेव्हा कुणालाच कळलं नाही, मलासुद्धा. खोकणारी, कण्हणारी, लेकरांना मांडीवर थोपटणारी माणसं मी मुकाट्याने सांभाळली. मग दवाखाना दुसरीकडे गेला, पट्टी उपटली गेली, आणि मी हातगाडीवर चढून याच इमारतीतल्या पुढच्या खोलीत आलो.

त्या खोलीत एक वकीलबाई बसत. डोक्याचे केस पिकलेले, आवाज मात्र खणखणीत. कोर्टातली वकिली त्यांनी सोडली होती. कामावर कुणावर अन्याय झाला, शेजाऱ्याशी वाद झाला, घरमालकाशी फाटलं, की माणसं त्यांच्याकडे यायची. अशा वेळी कायद्याने काय काय करता येतं, ते त्या समजावून सांगायच्या. त्याचे पैसे घेत नसत. खोलीत त्यांचं टेबल, त्यांची खुर्ची, एक कपाट आणि मी. बसायला दुसरं काहीच नव्हतं. त्यामुळे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना माझ्यावरच बसावं लागे, आणि दोघंही एकमेकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, म्हणजे अगदी टोकांना बसत.

एकदा एक कर्णा वाजवणारा आणि त्याचा शेजारी असे दोघे आले. शेजारी रात्रपाळीचा पहारेकरी. हा दिवसा सराव करायचा आणि तो दिवसा झोपायचा, आता बोला! बोलता बोलता पहारेकरी ताडकन उठला. माझं त्याच्याकडचं टोक वर उसळलं, दुसरं खाली गेलं, आणि कर्णेवाला घसरगुंडीवरून यावा तसा जमिनीवर आला. पण आधी कर्णेवालाच हसू लागला. पहारेकऱ्याने त्याला हात दिला आणि तोही हसला. त्या दोघांचं पुढे जमलं. सरावाच्या वेळा ठरल्या.

वकीलबाईंच्या ओळखीचा सुतार म्हणाला, "बाई, पाय बाहेर घेऊन देतो. तासाभराचं काम आहे."

"राहू दे," वकीलबाई म्हणाल्या. "इथे येणारी माणसं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. याच्यामुळे निदान 'उठतो' एवढं तरी बोलतील."

तेव्हापासून त्या खोलीचा रिवाज पडला. कुणी बसलं की वकीलबाई आधी सांगायच्या, "उठताना सांगून उठायचं." कायद्याचं बोलणं त्यानंतर.

मित्रांनो, त्या खोलीत मी खूप भांडणं ऐकली. आखूड शिवलेला कोट, छपरावरून शेजारच्या अंगणात पडणारं पाणी, भिंत ओलांडून गेलेली फांदी. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती इस्त्रीवाली मावशी.

ती पहिल्यांदा आली ती नणंदेबरोबर. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी. एका लाँड्रीत ती वर्षानुवर्षं वाफेच्या इस्त्रीवर काम करत होती. इस्त्रीची नळी झिजली होती. तिने मालकाला तसं सांगितलंही होतं. मालक म्हणाला, बघू. एक दिवस नळी फुटली आणि वाफ हातावर आली. हात जरा बरा झाल्यावर ती कामावर गेली, तर तिच्या इस्त्रीपाशी दुसरंच कुणी उभं. मालक घाईत होता. तो म्हणाला, "आता तुझं इथे काम नाही." मावशी एक शब्द न बोलता मागे फिरली आणि घरी येऊन बसली.

"खेचा त्याला कोर्टात!" नणंद म्हणाली. तिच्या आवाजाने खिडकीची काच थरथरली. "असा धडा शिकवा की इस्त्री म्हटलं तरी घाम फुटला पाहिजे."

"तुम्ही जरा थांबा," वकीलबाई म्हणाल्या. मग मावशीकडे वळल्या. "त्यानंतर तुम्ही लाँड्रीत गेलात?"

"मी कशाला जाऊ? ज्या दारातून हाकललं त्या दारात मी पाय ठेवणार नाही. मला मान आहे."

"मालक काय सांगत फिरतोय, माहीत आहे?"

मावशीच्या आधी नणंदच म्हणाली, "सांगतोय की ती स्वतःच काम सोडून गेली. मेल्याची जीभ कशी झडत नाही!"

"तिथेच घोटाळा झालाय," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही मानाने घरी बसलात. पण बाहेरून बघणाऱ्याला ते काम सोडल्यासारखंच दिसतं. मन कुणाला दिसत नाही हो. उद्यापासून रोज सकाळी कामाच्या वेळेला जायचं. दारात उभं राहायचं. 'मी कामाला आले आहे' एवढंच म्हणायचं. आत घेतलं तर काम करायचं, नाही घेतलं तर परत यायचं. भांडायचं नाही. आणि सोबत कुणीतरी हवं, बघायला."

"दारात उभी राहू? भीक मागायला?" मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भीक नाही. ती तुमची हजेरी आहे."

मग वकीलबाईंनी तिला सगळं उलगडून सांगितलं. कोर्टात जाता येईल, पण तिथे काळ जातो. कामगार कार्यालयात तक्रार करता येईल, मात्र तक्रारीला मुदत असते. ती टळली की बरोबर असूनही हात चोळत बसावं लागतं, म्हणून तक्रार आजच करू. आणि मालकाला इथे बोलावून समोरासमोर बोलताही येईल. बोललं म्हणून बाकीच्या वाटा बंद होत नाहीत.

"पण आधी मला सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"हिला त्याची खोड मोडायचीय," नणंद म्हणाली.

"वन्सं, जरा गप्प बसा हो," मावशी हळूच म्हणाली. मग ती बराच वेळ पट्टीच्या सुटलेल्या धाग्याशी खेळत राहिली. "मला माझं काम हवंय. तिथल्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं. चादर सरळ केली की तिचा वास येतो. मला तेच येतं, बाई. आणि ती नळी बदललेली हवी. उद्या दुसरीचा हात भाजायला नको."

ती उठली तेव्हा नणंदेला म्हणाली, "उठते हं." माझी खोड तिने पहिल्या दिवशीच ओळखली.

त्यानंतर मावशी रोज सकाळी लाँड्रीच्या दारात उभी राहू लागली. सोबत नणंद. ही हकिकत मावशीबरोबर आलेल्या नणंदेनेच खोलीत सांगितली. "हिचं काही नाही हो, ही एक वाक्य बोलते आणि शांत उभी राहते. पण मला गप्प राहायला सांगता? माझ्या पोटात दुखायला लागतं!" वकीलबाई खूप हसल्या. पण त्यांनी मावशीच्या चपलांकडे पाहिलं. त्या झिजल्या होत्या. पहिल्या दिवशी लाँड्रीतल्या बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या होत्या. पुढे पुढे त्यांतली एक तिला पाणी आणून द्यायला लागली. मालक मात्र रोज बघायचा आणि आत निघून जायचा.

शेवटी वकीलबाईंच्या बोलावण्यावरून तो आला. चांगला जाडजूड, कडक इस्त्रीचा सदरा. माझ्या एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला मावशी. नणंदेला वकीलबाईंनी दाराबाहेर उभं केलं होतं.

"उठताना सांगून उठायचं," वकीलबाई म्हणाल्या.

"का? ही काय शाळा आहे?" मालक म्हणाला. "हे बघा, मी कुणाला काढलेलं नाही. हिनेच काम सोडलं. मी माणूस शोधायला लागलो, यात माझं काय चुकलं?"

"रोज सकाळी तुमच्या दारात कोण उभं असतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"ही असते."

"तुम्ही पाहता?"

"डोळे आहेत, दिसतंच की."

"काय म्हणते ती?"

मालकाने सदऱ्याची बाही उगाच नीट केली. "म्हणते, कामाला आले आहे."

"काम सोडून गेलेलं माणूस रोज कामाला येतं का?"

मालकाचा चेहरा लाल झाला. "हे तुम्ही मला अडकवताय! मला ऐकायचंच नाही काही!" असं म्हणत तो ताडकन उठला. न सांगता.

मला सावरता आलं नाही, मित्रांनो. त्याच्याकडचं टोक वर गेलं आणि मावशी खाली निघाली. तिने आधारासाठी तो भाजलेलाच हात पुढे केला. आणि तेवढ्यात मालक ओरडला, "ताई, सांभाळ!" एका ढांगेत तो तिच्यापर्यंत पोचला, एका हाताने त्याने तिचा खांदा धरला आणि गुडघा टेकून मला थोपवलं.

पट्टी सरकली होती. मालक त्या हाताकडे बघतच राहिला. चुरगळलेल्या कागदासारखी झालेली ती कातडी त्याने पहिल्यांदाच पाहिली होती.

"एवढं भाजलं होतं?"

"बघायला कधी आलास?" मावशी म्हणाली. "आणि आता बरी ताई आठवली."

मग त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. लाँड्री लहान होती तेव्हा ही दोघंच तिथे काम करत. इस्त्री यायच्या आधी ओल्या चादरी दोन टोकांना धरून, ताणून, झटकून घडी घालत. तेव्हा ती त्याला भाऊ म्हणे आणि तो तिला ताई. लाँड्री वाढली, माणसं वाढली, आणि भाऊचा मालक झाला.

"घडी घालताना तू कधी मध्येच टोक सोडलं नव्हतंस," मावशी म्हणाली. "सोडलंस तर समोरचा मागच्या मागे पडतो, हे तूच मला शिकवलंस."

मावशीला नीट बसवून मालक माझ्यावर पुन्हा बसला. या वेळी मधोमध. मग म्हणाला, "बाई, काय लिहायचं ते लिहा."

"मी म्हणते ते नाही, तुम्ही दोघं ठरवाल ते लिहीन," वकीलबाई म्हणाल्या.

त्यावरही घासाघीस झाली, ते काही चुटकीसरशी मिटलं नाही. मधल्या दिवसांच्या पगारावर मालक अडून बसला. कामगार कार्यालयातली तक्रार अजून उभी आहे, हे वकीलबाईंनी शांतपणे त्याच्या कानावर घातलं. तेव्हा कुठे तो नरमला आणि पगार द्यायला तयार झाला. बाकीचं ठरलं ते असं: आधी नळी बदलायची, मगच कुणीही त्या इस्त्रीवर उभं राहायचं. हात पूर्ण बरा होईपर्यंत मावशीने घड्यांच्या टेबलावर काम करायचं, मग तिची खिडकी तिला परत. वकीलबाईंनी लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. "कळलं नसेल तर पुन्हा विचारा. न कळता सही करायची नाही," त्या दोघांनाही म्हणाल्या. मावशीने दोनदा विचारलं. मालकाने एकदा.

जायची वेळ झाली.

"उठते हं, भाऊ."

"थांब, मीपण उठतो."

दोघं एकदम उठली. मी जागचा हललोही नाही. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावरून कुणी इतकं अलगद उठलं नव्हतं.

सगळ्यांचं असं गोड झालं नाही. काहीजण माझ्यावरून उठून थेट कोर्टात गेले, आणि तेच बरोबर होतं. काहीजण इतक्या उशिरा आले, की वकीलबाईंना नुसती मान हलवावी लागली. अशा दिवशी त्या खिडकीशी बराच वेळ उभ्या राहायच्या. "आधी का नाही विचारलं," असं पुटपुटायच्या.

पुढे वकीलबाई थकल्या. त्यांच्या जागी नवे वकील आले, तेही भले आहेत. खोलीत एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. एक माणूस उठला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. मला या बोळात आणून ठेवलं. कधी माझ्यावर रंगाचे डबे असतात, कधी ओला पोछा. माझी एक कड ओलीने फुगली आहे. भंगारवाला दोनदा माझ्याकडे बघून गेला.

मध्ये एकदा दोन म्हाताऱ्या या बोळातून आल्या. एकीच्या उजव्या हातावर जुना पांढुरका डाग. दुसरीचा आवाज मी लगेच ओळखला. तिच्या शेजाऱ्याची फांदी तिच्या अंगणात आली होती आणि ती फांदीसकट शेजाऱ्याला कोर्टात खेचायला निघाली होती.

"वन्सं, आधी विचारू तर, काय काय करता येतं ते," मावशी म्हणाली.

तिला माझ्यावर पोछा पडलेला दिसला. तिने तो उचलून बादलीच्या काठावर वाळत टाकला. पदराने माझी फळी कोरडी केली. फुगलेल्या कडेवरून तोच भाजलेला हात फिरवला. मग दोघी माझ्या दोन टोकांना बसल्या. आतून हाक आली, तशी नणंद उसळणारच होती, पण मावशीने तिचा हात धरला आणि हसून म्हणाली, "सांगून उठा."

मित्रांनो, मला फार काही नको. ओलं काही माझ्यावर ठेवू नका. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि मोठे झाल्यावर कधी कुणी समोरून आपलं टोक सोडलं, तर मानापोटी मुकाट घरी बसू नका. वेळेत जा, विचारा, आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी स्वतःला सांगा. आणि दुसऱ्याचं टोक तुमच्या हातात असेल, तेव्हा ते असं अचानक सोडू नका.

हं, आतलं दार उघडलं. तुमच्या आईने हाक मारली वाटतं. जा. पण तुमची धाकटी बहीण त्या टोकाला बसली आहे ना? मग तिला आधी सांगा.