काकांची मागची खोली

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत सहा माणसं होती. सगळ्यात मोठे काका, एकसष्ट वर्षांचे. सगळ्यात धाकटी तेवीस वर्षांची. मधोमध ताई, चव्वेचाळीस वर्षांची. ती प्रमुख झाली तेव्हा काकांनाच जास्त आनंद झाला. तिला प्लॅस्टर कालवायला त्यांनीच तर शिकवलं होतं. "आमची पोरगी साहेब झाली," असं ते येईल त्या पेशंटला सांगत सुटले.

काकांचं काम सावकाशीचं. गुडघ्याखाली उरलेल्या पायावर हात ठेवून ते तासभर गप्पा मारत. घरी जिने किती, उभं राहायचं काम किती, ठणकतं कुठे. बोलता बोलता बोटं हाड नि मांस चाचपत असत. मग साचा घ्यायचा, त्यावर कानस चालवायची. पाय मिळायला तीन आठवडे लागत, पण दिलेला पाय सहसा परत येत नसे.

मग स्कॅनर आला, आणि त्याच्याबरोबर ती तेवीस वर्षांची. पोरगी एका जागी ठरेना म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं भिंगरी. तिने पायाभोवती स्कॅनर फिरवला की पाचव्या दिवशी पाय तयार.

महिन्याभरात ताईच्या टेबलापाशी दोन्हीकडची गाऱ्हाणी येऊ लागली.

"ही पोरगी पेशंटकडे बघतच नाही गं," काका म्हणत. "बघते ती पडद्याकडे."

"काका फाइल कागदावर छापून मागतात, मॅडम," भिंगरी म्हणे. "पायाचा फोटो काय भिंतीवर लावणार आहेत?"

ताईला हसू येई, पण वरून रोज विचारणा होई. दीडशे माणसं पायाची वाट बघत होती, आणि तेही खोटं नव्हतं. एका सोमवारी तिने काकांना मागच्या खोलीत बसवलं. सुटलेले पट्टे, ढिले स्क्रू, जुन्या पायांची डागडुजी.

"तुमची दगदग कमी होईल," ती म्हणाली.

"बरं," काका म्हणाले, आणि कानशी उचलून गेले. ते भांडतील म्हणून तिने सगळी उत्तरं तयार ठेवली होती. एकही कामी आलं नाही.

त्याच आठवड्यात भिंगरी आली. "मॅडम, रोज सकाळी एक तास काकांकडे बसू का? ते हाताने काय बघतात, मला कळत नाही."

"आधी यादी अर्धी होऊ दे. मग बघू."

पोरीने आणखी दोनदा विचारलं, ताई दोन्ही वेळा 'मग बघू' म्हणाली. पुढे तिने विचारणं सोडलं. आठ महिन्यांनी काकांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी ताईने लांबलचक भाषण केलं. काका जाताना एवढंच म्हणाले, "मागच्या खोलीत उजेड कमी आहे गं. पुढच्या माणसासाठी दिवा लाव."

वर्ष गेलं. यादी खरंच अर्धी झाली. आणि केस कापायचं काम करणारी एक बाई चौथ्यांदा पाय परत घेऊन आली. कातडी सोलवटली होती. स्कॅनमध्ये सगळं जिथल्या तिथे होतं.

"माझंच चुकत असेल हो," ती ओशाळून म्हणाली. "मलाच चालता येत नसेल."

ते ताईच्या जिव्हारी लागलं. तिने स्वतः पाय चाचपला. बोटांना काहीतरी लागत होतं, पण टेबलामागे बसून बसून ती ते ओळखायला विसरून गेली होती. दुपारी भिंगरीला आणि त्या बाईला घेऊन तिने काकांचं घर गाठलं.

सुनेने दार उघडलं. काका खुर्चीत होते, उजवा हात उशीवर निपचित. पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले होते.

"कळवायचं नाही का?" ताई सुनेला म्हणाली.

"बाबाच म्हणाले, तिला कामं असतात, त्रास नको," सून म्हणाली.

काकांनी डावा हात त्या बाईच्या पायावर ठेवला, मग मान हलवली. "डाव्याला कळत नाही." त्यांनी भिंगरीचं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं. "दाब. बाई, तुम्ही आता उभ्या राहा, भिंतीला धरून. काय सरकलं?"

"दोरीसारखं काहीतरी... बाहेर आलं!" भिंगरी म्हणाली.

"दिवसभर उभ्या असतात ना त्या? तुम्ही त्यांना बसवून मोजलंत."

त्या बाईचा पाय पाचव्या वेळी नीट बसला. तेव्हापासून दर रविवारी ताई भिंगरीला घेऊन काकांकडे जाते. पण वीस मिनिटांत ते थकतात. वाक्य अर्ध्यावर राहतं, शब्द सापडत नाही, आणि ते स्वतःवरच चिडतात. भिंगरी वही उघडी ठेवून थांबते. काका ताईकडे बघतात, जणू तिला तो शब्द ठाऊक असणारच. तिलाही तो आठवत नाही.